हसू दोन वाटांनी येतं

‘चेहरा वाचा, समोरच्याचं मन ओळखा’. कॉलेज रोडवर होणाऱ्या एका कार्यशाळेचं हे पत्रक सध्या नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय : संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून निघाला. त्यांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच विचारलं होतं. शब्दांचा वाटा खरंच ७ टक्के असता, तर जपानी नाटकही कालिदास कलामंदिरात हाउसफुल्ल गेलं असतं!

पण चेहऱ्याचं खरं विज्ञान या पत्रकापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन १८६२मध्ये निष्कर्ष छापले. ओठांचे कोपरे वर ओढणारा, गालाच्या हाडापासून निघणारा स्नायू आपण हवा तेव्हा हलवतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मात्र खऱ्या आनंदातच आवळतो, असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या फोटोत तिसाव्या ‘स्माईल प्लीज’ला ओठ तेवढे हसतात, ते यामुळे.

असं का होतं? मेंदूतून चेहऱ्याकडे हुकूम दोन वाटांनी येतात. ठरवून केलेल्या हालचालीचा हुकूम मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या हालचालीच्या पट्ट्यातून, म्हणजे मोटर कॉर्टेक्समधून निघतो. आपसूक फुटणाऱ्या हसण्याची वाट वेगळी. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूचा सिंग्युलेट भाग आणि खोलवरचे बेसल गँग्लिया तिच्यात येतात. गोदावरी आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरला मिळतात, तशा या वाटा मेंदूच्या देठात, पॉन्समधल्या चेतापेशींच्या पुंजक्यात एक होतात. तिथून पुढे सातवी मज्जातंतू, थेट चेहऱ्यापर्यंत.

याचा पुरावा रुग्णांकडे मिळतो. मोटर कॉर्टेक्सला इजा झालेल्या रुग्णाला ‘दात दाखवा’ म्हटलं, तर एकच कोपरा वर जातो. त्यालाच कुणी फर्मास विनोद सांगितला की दोन्ही बाजू खुलतात! दुसऱ्या वाटेवर इजा असेल तर नेमकं उलटं : सांगितल्यावर छान हसतो, पण मनापासून हसताना चेहरा एका बाजूला कलतो. पार्किन्सनमध्ये बेसल गँग्लिया बिघडतात आणि घरचे म्हणतात, ‘आजोबा हल्ली कशात रमत नाहीत.’ आजोबा रमलेले असतात, चेहरा ते सांगत नाही.

संगमाच्या पुढे, सातव्या मज्जातंतूलाच सूज आली तर दोन्ही प्रकारचं हसू त्या बाजूला अडतं. कपाळावर आठीही पडत नाही. हा बेल्स पाल्सी. पक्षाघातात कपाळ बहुधा शाबूत राहतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात. तरी ही परीक्षा घरी करत बसू नका. तोंड अचानक वाकडं झालं की आजही ‘बाहेरची बाधा’ म्हणून लिंबू उतरवलं जातं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, बेल्स पाल्सीच्या स्टेरॉइडच्या गोळ्याही ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात. लिंबू सरबतासाठी ठेवावं.

मग डोळ्यांकडे बघून खोटं हसू पकडता येईल? द्युशेन यांचं इथे पुरतं बरोबर नव्हतं. पुष्कळ लोक डोळ्यांचा स्नायूही ठरवून आवळू शकतात. नटांचं तर पोटच त्यावर. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. राग आला की लोक कपाळाला आठ्या घालतात खरे, पण नेहमी नाही; आणि आठ्या एकाग्रतेतही पडतात. एकट्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

तरीही मुलाखतीत उमेदवाराचा चेहरा ‘वाचणारी’ सॉफ्टवेअर विकली जातात. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५पासून कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत भावना ओळखणाऱ्या अशा यंत्रणांवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती सूट आहे.