फिलिपिन्सच्या मतपत्रिकेवरची जुनी आडनावं

१९६५ साली फिलिपिन्समध्ये फर्डिनांड मार्कोसनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दियोस्दादो मॅकापगाल यांना हरवलं. आता पुढची यादी बघा, मॅकापगाल यांची मुलगी ग्लोरिया अरोयो २००१ ला राष्ट्राध्यक्ष झाली, मार्कोसना देशाबाहेर घालवून राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोरी अकिनोंचा मुलगा नॉयनॉय २०१० ला झाला, आणि २०२२ ला खुद्द मार्कोसचा मुलगा बाँगबाँग, सोबत उपराष्ट्राध्यक्ष म्हणून मावळते राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांची मुलगी सारा.

हे घराण्यांचं राजकारण मार्कोसपासून सुरू झालं असं बरेच जण धरून चालतात, पण मूळ खूप मागे आहे, अमेरिकन राजवटीत. १९०१ च्या नियमाप्रमाणे मत द्यायचा हक्क फक्त २३ वर्षांवरच्या पुरुषांना, त्यातही ज्याची ५०० पेसोची मालमत्ता आहे किंवा जो ३० पेसो कर भरतो, किंवा इंग्रजी नाहीतर स्पॅनिश लिहिता-वाचता येतं, किंवा स्पॅनिश काळात गावातलं पद सांभाळलंय अशांनाच. म्हणजे जमीनदार आणि त्यांची शिकलेली मुलं. १९०७ ची पहिली असेंब्ली या लोकांनी आपल्यातूनच निवडली आणि सामान्य माणसाला मत मिळेपर्यंत जमिनी, साखर, गावोगावची माणसं सगळं याच घरांच्या हातात गेलेलं होतं. कोरी अकिनोसुद्धा माहेरच्या कोहुआंको, तारलाक प्रांतातली हासिएन्दा लुइसिता ही सहा हजार हेक्टरच्या वरची उसाची इस्टेट त्यांच्याच घरची होती.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००७ पर्यंत तिथल्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावंच छापलेली नसायची, नुसत्या रिकाम्या रेघा. आपल्याकडे निदान चिन्ह बघून शिक्का मारता यायचा, तिथं मोठ्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, १२ सिनेटर, खासदार, गव्हर्नर, मेयर, नगरसेवक अशी पंचवीस-तीस नावं मतदारानं स्वतःच्या हातानं लिहायची. अशा वेळी लहानपणापासून ऐकलेलं आडनावच पेनातून उतरणार ना? छापील नावं आणि गोल काळे करायची पद्धत आली २०१० ला, तोवर सवय हाडीमाशी खिळली होती.

मार्कोसना घालवणाऱ्या १९८६ च्या उठावानंतर नवी राज्यघटना लिहिणाऱ्यांना हा रोग दिसला होता. १९८७ च्या घटनेत दुसऱ्या अनुच्छेदाच्या २६ व्या कलमात राजकीय घराण्यांना बंदी चक्क लिहिलेली आहे, फक्त ‘कायद्याने ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे’ एवढे शब्द सोबत आहेत, आणि तो कायदा करायचा कुणी तर संसदेनं, जिथं हीच घराणी बसलेली. दशकं गेली, विधेयकं आली आणि पडून राहिली. २०१६ ला एवढंच झालं की गावपातळीवरच्या युवा परिषदेत पदावर असलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना उभं राहायला मनाई झाली. घटनेनं घातलेल्या मुदतीच्या मर्यादेनं उलटंच केलं, खासदार किंवा मेयर सलग तीन टर्मनंतर थांबला की बायको नाहीतर मुलगा उभा. राष्ट्राध्यक्षाला तर सहा वर्षांची एकच टर्म, त्यामुळे पुढे न्यायचं ते आडनावच.

२००९ च्या ऑगस्टमध्ये कोरी वारल्या, लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि नॉयनॉयच्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे ठरलेले उमेदवार मार रोहास महिन्याभरात नॉयनॉयसाठी बाजूला झाले. हे रोहास स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल रोहास यांचे नातू! नॉयनॉय जिंकले, रोहास उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले ते पडले, आणि २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हाही दुतेर्तेंकडून हरले.

बाँगबाँगला एकदा अडवलं ते लेनी रोब्रेदो यांनी. २०१६ ला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी त्याला अडीच लाखांच्या थोड्या जास्त मतांनी हरवलं, २०२२ ला मात्र त्याला तीन कोटींवर मतं पडली आणि लेनींना साधारण निम्मी. माझ्या मते त्या मनापासून लोकांसाठी काम करणाऱ्या बाई आहेत, पण पहिली निवडणूक त्या लढल्या २०१३ ला, मंत्री असलेले नवरे जेसी रोब्रेदो विमान अपघातात गेल्याच्या पुढच्याच वर्षी, आणि मतपत्रिकेवर आडनाव होतं त्यांचंच.