क्लोरीनयुक्त बहुवारिकांचा एनएमआर अभ्यास

क्लोरीनयुक्त बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या, म्हणजे छोटे रेणू एकामागून एक जोडून झालेल्या लांब रेणूच्या) साखळीत क्लोरीनचे अणू नेमके कोणत्या कार्बनवर, कोणत्या क्रमाने व कोणत्या बाजूस बसले आहेत, हे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने (एनएमआरने), म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रे रेडिओ लहरींना जो प्रतिसाद देतात त्यावरून, ठरविण्याची पद्धती. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी), त्यावर आणखी क्लोरीन चढवून केलेले सीपीव्हीसी, क्लोरीनीकृत पॉलिएथिलीन व क्लोरीनीकृत रबर हे या अभ्यासाचे मुख्य विषय होत.

विदर्भाच्या खेड्यांत यांपैकी पीव्हीसीच अधिक आढळते. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात विहिरीपासून बागेपर्यंत जमिनीखालून नेलेली करडी पाइपलाइन आणि बोअरमधला निळा केसिंग पाइप पीव्हीसीचे असतात. ठिबकच्या नळ्या, तुषार सिंचनाचे काळे पाइप व पन्नी यांनाही प्लास्टिकच म्हणतात. मात्र ती पॉलिएथिलीनची असून त्यांत क्लोरीन नसते. पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

पीव्हीसीच्या शोधाचे श्रेय पुष्कळदा आंरी व्हिक्तॉर रेन्यो यांना दिले जाते. त्यांनी १८३५ च्या सुमारास व्हिनिल क्लोराइड तयार केले, हे खरे. परंतु १८३८ मध्ये त्यांनी वर्णन केलेली पांढरी भुकटी व्हिनिलिडीन क्लोराइडच्या बहुवारिकाची असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान यांना सूर्यप्रकाशात ठेवलेल्या व्हिनिल क्लोराइडपासून मिळालेला घन पदार्थ मात्र पीव्हीसीच होता.

साखळीची रचना प्रथम रासायनिक मार्गाने शोधली गेली. १९३९ मध्ये कार्ल मार्व्हल व सहकाऱ्यांनी जस्ताच्या साहाय्याने पीव्हीसीमधील क्लोरीन काढून पाहिला. सुमारे ८४ ते ८७ टक्के निघाला. जस्त जवळजवळच्या दोन क्लोरीन अणूंची जोडी एकदम काढते. सर्व एकके एकाच दिशेने, डोक्याला (क्लोरीन असलेल्या टोकाला) शेपूट अशी जोडलेली असतील, तर जोडीदार न उरल्यामुळे १३.५ टक्के क्लोरीन मागे राहावा, असे पॉल फ्लोरी यांचे गणित होते. एकके कशीही जोडलेली असती, तर १८.४ टक्के उरला असता. दोन आकड्यांतील अंतर थोडे असल्याने हा पुरावा एकट्याने निर्णायक म्हणता येत नाही. डोक्याला डोके जोडलेली एकके सर्वसाधारण पीव्हीसीत जवळजवळ नसतात, याची खात्री पुढे एनएमआरमुळे पटली.

क्लोरीनच्या अभ्यासात क्लोरीनचे स्वतःचे अणुकेंद्र फारसे कामी येत नाही. त्याच्या दोन्ही स्थिर समस्थानिकांचे परिवलन (स्पिन) ३/२ असून चतुर्ध्रुवी परिणामामुळे (अणुकेंद्रातील विद्युत्भार गोलाकार नसल्यामुळे) संकेतांच्या रेषा अतिशय रुंद होतात. म्हणून क्लोरीनचा ठावठिकाणा शेजारच्या कार्बन व हायड्रोजनकडून काढावा लागतो. कार्बनचा एनएमआरला दिसणारा समस्थानिक, कार्बन-१३, निसर्गात अवघा १.१ टक्का असल्याने एका चांगल्या वर्णपटासाठी (संकेतांच्या आलेखासाठी) हजारो संकेत गोळा करावे लागतात.

बहुवारिकांच्या त्रिमितीय क्रमाचा (साखळीवरील अणूंच्या बाजूंच्या मांडणीचा) एनएमआर अभ्यास फ्रँक बोव्ही व जॉर्ज टिअर्स यांच्या १९६० मधील कामाने रूढ झाला. ते काम पॉलिमेथिल मेथाक्रिलेटवर होते. पीव्हीसीचे प्रोटॉन-वर्णपट (हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे) त्यानंतर लगेच घेतले गेले, पण रेषा एकमेकींत मिसळत असल्याने ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेली) एकवारिके, म्हणजे बहुवारिकाचे मूळ छोटे रेणू, वापरून ते सोपे करावे लागले. १९७० च्या दशकात कार्बन-१३ ने ही अडचण दूर केली. क्लोरीनधारी कार्बनचे संकेत साधारण ५५ ते ५७ पीपीएमवर (पीपीएम हे वर्णपटातील स्थानाचे माप) तीन गटांत दिसतात. ५७ जवळचा गट लागोपाठच्या क्लोरीन अणूंच्या आलटून-पालटून असलेल्या बाजू दाखवितो, तर ५५ जवळचा गट एकाच बाजूची मांडणी. मिथिलीन (दोन हायड्रोजन असलेले, CH₂) कार्बन ४५ ते ४८ पीपीएमवर येतात. व्यापारी पीव्हीसी जवळपास यादृच्छिक असून आलटून-पालटून मांडणीकडे किंचित झुकलेले असते. बहुवारिकीकरणाचे तापमान उतरवले की हा कल वाढतो.

शाखांचा प्रश्न सर्वांत अधिक काळ वादात राहिला. १९५० च्या दशकात पीव्हीसीचे लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडने क्षपण करून (क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसवून) त्याला पॉलिएथिलीनसारखे रूप देत आणि अवरक्त वर्णपटात मिथिल टोके मोजत. त्यावरून शाखांची संख्या कळे, लांबी कळत नसे. पॉलिएथिलीनच्या धर्तीवर त्या ब्युटिल (चार कार्बनच्या) असाव्यात, असे धरले जाई. १९७० च्या दशकाच्या मध्यास बोव्ही, विल्यम स्टार्न्स व सहकाऱ्यांनी क्षपित नमुन्याचा कार्बन-१३ वर्णपट घेतला, तेव्हा बहुतेक शाखा एकाच कार्बनच्या निघाल्या. मूळ पीव्हीसीत त्या क्लोरोमिथिल असतात. दर १००० कार्बन अणूंमागे साधारण दोन-तीन. एखादे एकक उलटे जोडले जाते, क्लोरीन शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि शाखा उरते, हे स्पष्टीकरण आता मान्य आहे. जुने क्षपक दुष्परिणाम घडवीत असल्याने पुढे ट्रायब्युटिलटिन हायड्राइड आले. त्याऐवजी ड्यूटेराइड (हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले तेच संयुग) घेतल्यास क्लोरीन जिथून निघाला तिथे ड्यूटेरियम बसते आणि वर्णपटात ती जागा ओळखू येते. ही युक्ती या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कामगिरी मानावी लागेल. तिच्यामुळेच संख्येने बऱ्याच कमी असलेल्या ब्युटिल शाखांच्या बुडाशी तृतीयक क्लोरीन (इतर तीन कार्बनना जोडलेल्या कार्बनवरचा) असतो, हे दिसले. क्लोरोमिथिल शाखा बहुतांशी निरुपद्रवी असतात. पीव्हीसी खराब होताना हायड्रोजन क्लोराइड सुटण्याची सुरुवात तृतीयक क्लोरीनपासून, तसेच साखळीतील दुहेरी बंधाशेजारच्या क्लोरीनपासून होते.

पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. सीपीव्हीसीत तो साधारण ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत नेतात. नवा क्लोरीन मुख्यतः मिथिलीन कार्बनवर बसतो. एकाच कार्बनवर दोन क्लोरीन आल्यास ८५ ते ९५ पीपीएमच्या आसपास वेगळे संकेत उमटतात आणि त्यांवरून अशा जागांचे प्रमाण काढता येते. क्लोरीनीकृत पॉलिएथिलीनमध्ये क्लोरीन कमी असताना तो बहुधा सुटासुटा विखुरलेला आढळतो.

मे महिन्यात विदर्भात पारा ४५° सेल्सिअसच्या वर जातो. तेव्हा विहिरीच्या काठावर किंवा धुऱ्यावर (बांधावर) उघडा राहिलेला पाइप दोन-चार उन्हाळ्यांत पिवळा-तपकिरी पडून तडकू लागतो, तर मातीखालचा तोच पाइप शाबूत राहतो. यामागे उष्णतेपेक्षा जंबुपार किरणांचा वाटा मोठा आहे. हायड्रोजन क्लोराइड निघून एकाआड एक दुहेरी बंध तयार होतात. त्यांचे कार्बन १२० ते १४० पीपीएमच्या पट्ट्यात अपेक्षित असतात. हा बदल पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरता असल्याने पाइपाचा तुकडा सबंध विरघळविल्यास काहीच सापडत नाही. वरचा थर खरवडून निराळा व आतला निराळा तपासावा लागतो. थर आडव्या बंधांनी जखडलेला असेल, तर तो विरघळत नाही. अशा वेळी नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७° कोनात फिरवून घन अवस्थेतील वर्णपट घेतात.

विद्राव पद्धतीत पाइप टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून गाळतात व मिथेनॉलने बहुवारिक पुन्हा खाली बसवितात. गाळताना भरणद्रव्य म्हणून घातलेली खडूची पूड मागे राहते. त्यामुळे स्वस्त पाइपात खडू किती मिसळला आहे, हे या वर्णपटावरून कळणार नाही. त्यासाठी नमुना जाळून राख तोलणे पुरेसे आहे. शेतकऱ्याचा प्रश्न बहुधा हाच असतो, म्हणून हा भेद येथे नोंदविला आहे.

एनएमआर उपकरणाच्या अतिसंवाही चुंबकाला −२६९° सेल्सिअसचा द्रव हीलियम सतत लागतो. नागपूर-अमरावतीकडील महाविद्यालयांतून म्हणूनच नमुने बाहेरगावी, विशेषतः चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील उपकरण केंद्राकडे, पाठविण्याची पद्धत आहे. हीलियमविना चालणारी स्थायी चुंबकाची छोटी उपकरणे आता मिळतात; पण त्यांच्या ६० ते १०० मेगाहर्ट्झवर पीव्हीसीच्या मिथिलीन प्रोटॉनांच्या रेषा १९६० च्या दशकातल्याप्रमाणेच एकमेकींत मिसळतात.