‘दारू सोडायची गोळी’ मागण्यापूर्वी : आमच्या फार्मसीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काउंटरवर दोन प्रश्न नेहमी जोडीने येतात. पहिला, ‘दारू सोडायची गोळी आहे का?’ आणि लगेच आवाज खाली घेऊन दुसरा, ‘त्यांना न कळता देता येईल ना?’ पहिल्याचं उत्तर होय. एक सोडून तीन-चार औषधं आहेत आणि ती आमच्याकडे मिळतात. दुसऱ्याचं उत्तर नाही. या ‘नाही’वरून वाद होतो, मागे रांग वाढते, आणि विचारायला आलेली वहिनी किंवा आई रागावून दुसऱ्या दुकानात जाते. म्हणून हे लिहून ठेवलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा.

चहात, डाळीत मिसळून का देत नाही

लोक ज्या गोळीबद्दल ऐकून येतात ती बहुतेक वेळा डायसल्फिराम असते, २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची. ती दारूची इच्छा मारत नाही. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषच, पण एरवी ते साठायला वेळ मिळत नाही. ही गोळी दुसरी पायरी अडवते. मग एका पेगनंतरही दहा-पंधरा मिनिटांत चेहरा आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. प्रकृती धडधाकट असेल तर तास-दोन तासांत बरं वाटतं. ज्याला हृदयाचा त्रास आहे, जो बीपीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांवर आहे, त्याचा जीवही जाऊ शकतो.

गोळीचं खरं काम भीतीचं आहे. ‘सकाळी गोळी घेतली आहे, आज प्यालो तर हाल होतील’ हे माहीत असलेला माणूस बारची पायरी चढत नाही. ज्याला गोळीचा पत्ताच नाही त्याला कसली भीती? तो नेहमीसारखा बसतो, त्रास झाला की म्हणतो दारू भेसळीची होती, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या ब्रँडची क्वार्टर आणतो. कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या डॉक्टरांना गोळीबद्दल कोणी सांगत नाही, कारण सांगायचं तर नवऱ्यासमोरच सांगावं लागेल. डॉक्टर हार्ट अटॅक शोधत बसतात. पेशंट नशेत असताना किंवा त्याला पूर्ण कल्पना न देता हे औषध कधीही देऊ नये, अशी ठळक इशारा-चौकट या औषधाच्या माहितीतच असते. तो नियम आम्ही आमच्या मनाने काढलेला नाही.

‘मग निदान दहा गोळ्या द्या, चिठ्ठी नंतर आणतो’ हेही होत नाही. औषध शेड्यूल एचमधलं आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. आणि चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर ज्या गोष्टी बघतात त्या आम्हाला काउंटरवरून दिसत नाहीत: लिव्हरच्या तपासण्या, गरज पडल्यास ईसीजी, मानसिक आजाराचा इतिहास, फिटची फेनिटॉइन किंवा रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे का, टीबीची आयसोनियाझिड चालू आहे का. जुलाबासाठी घरात पडून असलेली मेट्रोनिडाझोलसुद्धा या गोळीबरोबर चालत नाही.

वेळेचा हिशेबही पक्का ठेवावा लागतो. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय पहिली गोळी नाही. पुष्कळ डॉक्टर पूर्ण दिवस थांबायला सांगतात. आणि गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ‘शनिवारी लग्न आहे, गुरुवारपासून गोळी बंद करतो’ हा बेत म्हणूनच अंगाशी येतो.

राहिलं जेवण. गोव्यात हा भाग कोणी सांगत नाही. सुरेचं (माडीचं) व्हिनेगर घातलेलं विंदालू, सोरपोतेल, चोरीस, सुरेने फुगवलेल्या सान्नां, नाताळचा रममध्ये भिजवलेला केक, या सगळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. घरी केलेलं कोवळं व्हिनेगर सगळ्यात बेभरवशाचं. औषधांमध्ये काही खोकल्याची सिरप, सगळी आसवं-अरिष्टं (दशमूलारिष्ट, द्राक्षासव वगैरेंत आंबवण्यातूनच अल्कोहोल तयार होतं), होमिओपॅथीचे थेंब, काही माउथवॉश. दाढीनंतरचं लोशन आणि सॅनिटायझरनेही काहींच्या अंगावर लाली उठते. डायसल्फिरामची चिठ्ठी घेऊन याल तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. आम्ही एकेक लेबल वाचून बाजूला काढून देतो. याचे पैसे घेत नाही.

‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ म्हणून पोस्टाने पुड्या पाठवणाऱ्या जाहिराती असतात. त्या पुडीत काय आहे हे लेबलवर नसतं. ती घेऊन ‘हे चालेल का बघा’ म्हणून आमच्याकडे येऊ नका. बघून सांगता येत नाही.

पेशंट स्वतः तयार असेल तर मात्र ही गोळी चांगलं काम करते, विशेषतः कोणाच्या तरी समोर रोज घेतली तर. घरात त्यावरून भांडणं होत असतील, तर सकाळी दुकान उघडल्यावर इथे येऊन घेता येते. चिठ्ठी आणि गोळ्या आमच्याकडे राहतात, पाण्याचा ग्लास आम्ही देतो, वहीत टिक करतो. बायकोने हवालदार व्हायची गरज उरत नाही. पाकिटात ठेवायचं एक कार्डही देतो, ‘डायसल्फिराम चालू आहे’ असं लिहिलेलं.

बाकीच्या गोळ्या

ज्यांना एकदम सोडायची नाही, कमी करायची आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर नाल्ट्रेक्सोन देऊ शकतात, साधारण ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. प्यायल्यावर मिळणारी मजा ती कमी करते, त्यामुळे तिसरा पेग भरावासा वाटत नाही. ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन अजिबात नाही. हे तुमच्या डॉक्टरांना सांगायला विसरलात तरी आम्हाला सांगा. अ‍ॅकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची ओढ कमी करते. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, त्यामुळे दुपारची हमखास राहून जाते. किडनीची तपासणी आधी लागते.

आजपासून एकदम बंद? आधी सकाळचे हात बघा

श्रावण आला, चवथ आली, ख्रिश्चन घरांत लेंट सुरू झाला, की पुष्कळ जण एका रात्रीत बंद करतात. बहुतेकांना काही होत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारू धरून चालायला शिकलेलं असतं, आणि तो आधार एकदम काढला की ते उसळतं. सकाळी कप धरताना हात थरथरतात का? घाम, मळमळ, आणि एक घोट घेतल्यावरच बरं वाटतं? पूर्वी सोडताना कधी फिट आली होती? यातल्या एकालाही होकार असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टर.

त्रास शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत सुरू होऊ शकतो. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. भिंतीवर किडे दिसणं, दिवस-वार न कळणं, अंगात ताप, हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. तशी लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा. देव अंगात आलाय की बाधा झालीय याची चर्चा नंतर करता येईल.

या दिवसांसाठी डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं मोजून, रोज कमी करत देतात. यातली क्लोरडायझेपॉक्साइड शेड्यूल एच-१ मधली. पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव आम्हाला वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. त्यामुळे ‘झोपेची एक गोळी सुटी द्या’ म्हणून आग्रह करू नका. दारूच्या वर ती घेतली तर श्वास मंदावतो. बरोबर बी-१, म्हणजे थायामिन, लिहिलेलं असतं. लोक ते व्हिटॅमिन समजून ‘हे राहू दे’ म्हणतात आणि त्याऐवजी ग्लुकोज पावडरचा डबा नेतात. उलट करा. बी-१ अतिशय कमी असलेल्या माणसाला आधी नुसतं ग्लुकोज मिळालं तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. गोळी स्वस्त आहे, ती वगळू नका.

कमी करायची तर मोजायची

हात थरथरत नसतील, फक्त प्रमाण वाढलं असेल, तर अर्धं काम मोजण्याने होतं. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप धरा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा किंवा फेणीचा ३० मि.ली.चा पेग म्हणजे एक माप. १८० ची क्वार्टर, सहा मापं. ६५० मि.ली.ची ५ टक्क्यांची बियर अडीच मापं, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. ‘मी फक्त बियर घेतो, दोनच’ म्हणणारा स्ट्राँगच्या दोन बाटल्यांत सव्वा क्वार्टरच्या पुढे गेलेला असतो.

हुर्राकचं, म्हणजे काजूच्या रसाच्या दारूचं, खास सांगायला हवं, कारण मार्च ते मे आमच्याकडचे बरेच हिशेब तिथेच चुकतात. ते फेणीपेक्षा सौम्य, साधारण १५ टक्के धरा. पण लिंबू, सोडा, मीठ, मिरची घालून उंच ग्लासात सरबतासारखं जातं. २०० मि.ली. हुर्राक म्हणजे जवळपास अडीच मापं. असे तीन ग्लास म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त. आणि गावातून कॅनमध्ये आलेल्या मालावर टक्के छापलेले नसतात, तिथे वरचाच अंदाज धरा.

घरी ओतलेला पेग ३० चा क्वचितच असतो. ओतून झाल्यावर एकदा मापात परत ओतून बघा, ५०-६० निघतो. आम्ही औषधाचा ३० मि.ली.चा, रेषा छापलेला प्लास्टिकचा कप देतो, आणि एक छोटी वही. दोन आठवडे काहीच कमी करू नका, फक्त लिहा: वार, मापं, कुठे, कोणाबरोबर. मग वही घेऊन या. साधारणपणे दोन वार आणि एक टेबल दिसून येतं जिथे सगळं प्रमाण वाढतं. तेवढ्यावरच काम करायचं. आठवड्यातले दोन दिवस कोरडे ठेवणं, जेवून मग बसणं, प्रत्येक ग्लासनंतर पाणी.

हवी असल्यास जागतिक आरोग्य संघटनेची दारूच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची ऑडिट चाचणीही आमच्याकडे आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर लक्ष द्यायला हवं, २० किंवा जास्त आले तर वही-कप बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच. कागद तुमच्याकडेच राहतो.

रोजची औषधं आणि दारू

सर्वांत धोक्याचं म्हणजे मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी पिणं. साखर एकदम उतरते. घाम, अडखळती जीभ, झोप. बघणाऱ्याला वाटतं चढली आहे, झोपू द्या. ग्लुकोमीटरने साखर बघा, बघता येत नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या, नसेल तर १०८. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही जास्त पिऊ नये. डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हँगओव्हरला पॅरासिटामॉल घेणाऱ्या रोजच्या पिणाऱ्याने ६५० च्या दिवसाला तीनच्या पुढे जाऊ नये. सर्दीच्या गोळीने पेंग वाढते, तेव्हा ती आणि पेग एका संध्याकाळी नको, स्कूटर तर नकोच.

लिव्हर टॉनिक. आमच्याकडे चार प्रकारची आहेत आणि खपतातही. ती पिऊन दारू ‘पचते’ असं मात्र नाही. महिन्याचे टॉनिकचे पैसे एकदा लिव्हरच्या तपासणीवर घालवा, असं आम्ही आमच्या नुकसानीत सांगतो.

कुठे जायचं

जवळच्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. बोलण्याने काय होणार, असं वाटत असेल तर गोव्यातच झालेलं काम बघा: ‘संगत’ संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या, आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांत त्याचा फरक पडला. तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्रास जास्त असेल तर बांबोळीची मानसोपचार संस्था, आयपीएचबी. फोनवर बोलायचं असल्यास टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ किंवा नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६.

आमच्याशी बोलायचं तर दुपारी दुकान उघडल्यावर, चार ते साडेपाचमध्ये या. त्यानंतर ओपीडीच्या चिठ्ठ्यांची गर्दी असते. आत रक्तदाब मोजायची खोली आहे, दार लावून बसता येतं. शक्य तर ज्यांची दारू कमी करायची आहे त्यांनाच घेऊन या. ते येत नसतील तर तुम्ही एकट्या या, तुमच्यासाठीही बोलण्यासारखं बरंच असतं. गोळी मात्र तुमच्या हातात देणार नाही. चालू औषधांची पाकिटं, शेवटचे रिपोर्ट, आणि असेल तर वही आणा. घरपोच औषध हवं असेल तर साध्या तपकिरी पाकिटात पाठवतो, वर फक्त बिल नंबर असतो.