दहा मिलिमीटरची वाट

वय साठीच्या पुढे, डोळे पिवळे, पोटात फारसं दुखत नाही, पण रात्रभर अंग खाजवून हैराण. लघवी गडद, शौच मात्र पांढुरकं. अशा वेळी आपल्याकडे अजूनही आधी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधला जातो, गळ्यात माळ पडते आणि मोलाचे दोन-तीन आठवडे जातात. ही कावीळ विषाणूची नसून तुंबलेल्या पित्ताची असू शकते.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते आतड्यात नेणारी नलिका शेवटी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे कर्करोगाची गाठ झाली की नलिका आवळली जाते. पित्ताशयाचा कर्करोग (गंगेच्या खोऱ्यात तो बराच आढळतो) तिला बहुधा वरच्या बाजूला, यकृताजवळ अडवतो. मग बिलिरुबिन हे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य रक्तात साठतं, ‘के’ जीवनसत्त्व शोषलं न गेल्याने रक्त गोठेनासं होतं आणि बिलिरुबिन फार वाढलेलं असेल तर केमोथेरपीही थांबते.

१९८०च्या सुमारास हॅम्बुर्गच्या डॉ. निब सोहेंद्रा यांनी एंडोस्कोपीने (तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीने) या नलिकेत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून दाखवली. पोट न उघडता कावीळ उतरू लागली. पण ती नळी जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरची. जंतूंचा थर आणि गाळ साचून ती साधारण तीन महिन्यांत बुजते. जाड नळी घालावी, तर एंडोस्कोपची वाटच सुमारे ४.२ मिलिमीटरची!

यावर तोड निघाली धातूच्या जाळीच्या स्टेंटची. निकेल-टायटॅनियमचा ‘निटिनॉल’ हा मिश्रधातू १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. तो दाबून बारीक केला तरी सोडल्यावर मूळ आकारात येतो. डॉक्टर आधी अडथळ्यातून बारीक तार पार करतात, तिच्यावरून म्यानात मिटलेली जाळी सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत म्यान मागे ओढतात. जाळी दोन्ही टोकांना फुलते, गाठीपाशी मात्र तिला कंबर पडलेली दिसते, आणि तुंबलेलं काळपट पित्त आतड्यात धावतं. पुढच्या एक-दोन दिवसांत ती कंबरही बरीच सुटते आणि जाळी दहा मिलिमीटरच्या आसपास उघडते. रुंदी तिप्पट झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह, निदान गणितात, ८१ पट होतो.

उघडी, म्हणजे आवरण नसलेली, जाळी नलिकेच्या भिंतीत रुतते, पुन्हा काढता येत नाही. म्हणून कर्करोगाची खात्री होण्याआधी ती घालू नये. तिच्या छिद्रांतून गाठ आत वाढली, तर आत दुसरा स्टेंट बसवतात. आवरण असलेली जाळी काढता येते, पण निसटतेही. शिवाय यकृताजवळ तिने नलिकेच्या बाजूच्या फांद्यांची तोंडं बंद होतात, म्हणून तिथे सहसा उघडीच वापरतात. धातूचा स्टेंट प्लास्टिकपेक्षा कितीतरी महाग. तरी रुग्णाला चार महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित असेल, तर नळी वारंवार बदलण्यापेक्षा तोच परवडतो, असं माझं मत.

मात्र गाठ लगेच काढायची असेल, तर स्टेंट घालायची घाई नको. २०१०च्या डच अभ्यासात स्वादुपिंडाच्या गाठीसाठी आधी प्लास्टिकचा स्टेंट घालून मग शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्क्यांना. केमोथेरपी आधी द्यायची असेल किंवा पित्तात जंतुसंसर्ग झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

स्टेंट बसवल्यावर कधीही हुडहुडी भरून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.