गोधडीच्या वर्गाला येण्याआधी एवढं वाचा

वर्गात नाव घातलं की बहुतेक जणी पहिल्यांदा विचारतात, कापड कुठून घ्यायचं? घेऊच नका. आधी घरातली ट्रंक उघडा. आजीचं लुगडं, सुती साड्या, धोतरं, विटक्या चादरी, सगळं चालतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आता आटत नाही, सहसा रंगही सोडत नाही, आणि सुई त्यातून सहज जाते. नव्या कापडाचा असा भरवसा नसतो. नवं आणणारच असाल तर एकदा भिजवून, खळ काढून, वाळवून आणा.

सिंथेटिक साड्या मात्र नकोत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि घाम टिपत नाहीत. बेळगावच्या शहापूर-वडगावची रेशमी काठाची साडी असेल तर तिचे काठ वरच्या ठिगळांना शोभतील, आत भरायला नकोत.

नऊवारी म्हणजे 27 फूट. तिच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांचे चार थर होतात. एका माणसाच्या गोधडीची आतली भर एवढ्यात होते. पण पहिल्यांदाच एवढी मोठी धरू नका. आम्ही सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करतो, तीन फूट बाय अडीच. मोठी वाकळ हाती घेऊन अर्ध्यावर गुंडाळून ठेवलेल्या पुष्कळ जणी नंतर आमच्याकडे येतात.

शिवण हातानेच, साधा धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. ओळी एकमेकींपासून फार लांब पडल्या तर धुताना आतले थर गोळा होतात. दोरा सुती आणि जाड, पण हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. घरच्या मशीनवर एवढे थर नीट सरकत नाहीत, म्हणून मशीन आणायची गरज नाही.

उत्तर कन्नडातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कडेपासून सुरुवात करून ठिगळं जोडत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली 'फुला' लावतात. फार देखणी पद्धत आहे. तरी नवशिक्यांनी आधी सगळे थर कच्च्या टाक्याने पक्के करावेत, नाहीतर मध्ये कापडाचा फुगा उरतो. दुपटं झालं की ती पद्धतही दाखवू.

बोटं दुखतील. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, ते नको म्हणणाऱ्यांचं आम्ही ऐकत नाही.

जुनी कापडं मृगाच्या आत धुऊन ठेवलेली बरी. बेळगावच्या पावसात जाड कापड वाळत नाही आणि ओलसर राहिलं तर कुबट वास धरतं. पावसाळ्यात येणाऱ्यांनी कोरडी झाल्याची खात्री करूनच आणावीत.

वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं, कौदी (कन्नडमध्ये गोधडीला हेच म्हणतात) शिवणाऱ्या शेजारणीलाही घेऊन या. सुई-दोरा दुकानातून मिळेल, कात्री आपापली आणा. कापडावरची बटणं, हूक आणि जरीची किनार घरीच उसवून ठेवलीत तर पहिल्या दिवसाचा वेळ वाचेल.