एकाच आईच्या, वेगवेगळ्या वेशातल्या मुली

युगांडाच्या सहलीची जाहिरात पाहिली की तिच्यात दोनच चेहरे दिसतात, गोरिलाचा आणि चिंपांझीचा. पश्चिम युगांडात फोर्ट पोर्टल शहराजवळचं किबाले नॅशनल पार्क बहुतेकांना चिंपांझींमुळेच ठाऊक असतं. त्यात गैर काही नाही. एका जंगलात माकडं, वानरं आणि त्यांचे भाईबंद मिळून तेरा जाती नांदतात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण सगळ्यांच्या माना वर असताना कमरेच्या उंचीवरून एक काळंपांढरं फुलपाखरू संथपणे तरंगत जातं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. किबालेला जाणाऱ्या प्रत्येकाने एक सकाळ तरी फुलपाखरांसाठी राखून ठेवावी.

ऊन वर येईपर्यंत घाई करू नये, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. मग जंगलातल्या वाटा आणि मोकळ्या जागा धरायच्या. ओल्या चिखलावर नरांचे थवे क्षार शोषत बसलेले असतात. कॅरॅक्सेस गटातली दणकट फुलपाखरं फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यांना सडकी फळं आणि शेण लागतं. म्हणूनच संशोधक आंबवलेली केळी घातलेले सापळे टांगून त्यांचा अभ्यास करतात.

पण आपण त्या काळ्यापांढऱ्याकडे वळू. ते बहुधा अमॉरिस नायाव्हियस असतं. त्याच्या अंगात विषारी द्रव्यं असतात, त्यामुळे अनुभवी पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि त्यालाही घाई नसते. आता ते फुलावर बसलं की दुर्बिणीतून पाय मोजा. अमॉरिसच्या कुळात पुढचे दोन पाय आखडून छातीशी गेलेले असतात, बसताना चारच वापरात येतात. सहाही पाय टेकलेले दिसले आणि मध पिताना पंखांची थरथर थांबत नसेल, तर समोर अमॉरिस नाही. ती पॅपिलिओ डार्डानसची मादी आहे. ही पूर्णपणे वेगळ्या कुळातली, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणारी आणि पक्ष्यांना खायला चालणारी.

तिचा नर पिवळाकाळा असतो आणि त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या असतात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी मादीला शेपट्या नसतात, आणि तिचं रूपही एक नाही. काही माद्या अमॉरिससारख्या काळ्यापांढऱ्या असतात. काही नारिंगी असतात, थेट प्लेन टायगरसारख्या. हा प्लेन टायगर म्हणजे आपल्याकडे रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा. आणखी काही माद्या तिसऱ्याच विषारी जातीसारख्या दिसतात. मादागास्करमध्ये मात्र मादी नरासारखीच पिवळी आणि शेपटीवाली असते. ही सगळी रूपं एकाच जातीची आहेत, असं केपटाऊनचे कीटकशास्त्रज्ञ रोलंड ट्रायमेन यांनी 1869 मध्ये मांडलं, तेव्हा अनेक जाणकारांना ते पटलं नव्हतं. पुढे एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या मुली निघाल्या आणि वाद मिटला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फुलपाखरू नक्कल करतं असं आपण सहज बोलून जातो, पण ते काहीच करत नाही. आपण कुणासारखे दिसतो हे त्याला कळतही नाही. निवड करतो तो पक्षी. जी मादी विषारी जातीशी जास्त मिळतीजुळती, ती वाचते आणि अंडी घालते. शिवाय ही युक्ती खोटी रूपं कमी असतील तोवरच चालते. फसव्या माद्या वाढल्या, तर पक्ष्याच्या चोचीत चवदार घास वारंवार येतो आणि त्याची भीड चेपते. मग दुसऱ्या विषारी जातीसारखं दिसणाऱ्या माद्यांना फायदा होतो. त्यामुळे एकाच जंगलात अनेक रूपं टिकून राहतात. निवड पक्षीच करतो, हे जुन्या नोंदीही सांगतात. युगांडातल्या एन्टेबीजवळ विषारी जाती मुबलक होत्या, तिथे अर्धवट जमलेली रूपं फारच थोडी सापडली. नैरोबीजवळ विषारी जाती विरळ होत्या, तिथे जवळजवळ एक तृतीयांश माद्यांचं रूप नीट जुळत नव्हतं.

आता खरी अडचण. पंखाचा रंग, पांढऱ्या ठिपक्यांची जागा आणि आकार यांची जनुकं वेगवेगळी असती, तर दर पिढीत त्यांची सरमिसळ होऊन नारिंगी रंगावर अमॉरिसचे ठिपके असल्या माद्या जन्मल्या असत्या. त्या कुणासारख्याच दिसत नाहीत, म्हणून पहिल्या मारल्या जातील. प्रत्यक्षात विषारी जाती मुबलक असतील तिथे अशी मधली रूपं क्वचितच दिसतात. लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क आणि आनुवंशशास्त्रज्ञ फिलिप शेपर्ड यांनी 1950 च्या दशकापासून या फुलपाखरांचे हाताने संकर घडवले. सगळा वेश गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून ठरतो, हे त्यातून स्पष्ट झालं. एका जुडग्यात अडकवलेल्या किल्ल्यांसारखा पूर्ण संच एकत्र वारशाने जातो. याला सुपरजीन म्हणतात. या जागेचे अनेक पर्याय आहेत आणि त्यांच्यात वरचढपणाची उतरंड आहे. अमॉरिससारखा काळापांढरा वेश त्यात सर्वांत खाली, तो दोन्ही पालकांकडून मिळाला तरच दिसतो. नरही हे सगळं वाहून नेतो, फक्त त्याच्या पंखावर ते उमटत नाही.

क्लार्क आणि शेपर्ड यांच्या संकरांतला सर्वांत सुंदर निष्कर्ष पुढचा आहे. एकाच प्रदेशातली दोन रूपं जुळवली, तर मुली स्वच्छ या किंवा त्या वेशात निघतात. पण दूरदूरच्या प्रदेशांतली फुलपाखरं जुळवली की वरचढपणा ढासळतो आणि मधली, धेडगुजरी रूपं जन्मतात. म्हणजे वरचढपणा हा त्या जनुकाचा जन्मजात गुण नव्हे. त्या त्या जंगलात, तिथल्या इतर जनुकांच्या संगतीत, पक्ष्यांच्या चोचीखाली तो घडत गेलेला आहे.

हे फुलपाखरांपुरतं राहिलं नाही. माणसाचे आरएच रक्तगटही शेजारी चिकटलेल्या जनुकांमुळे ठरतात असं तेव्हा मानलं जात होतं, आणि त्या साम्यामुळेच क्लार्क तिकडे वळले. आरएच निगेटिव्ह आईच्या रक्तात प्रसूतीच्या वेळी आरएच पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी शिरतात, तिचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढची बाळं दगावू शकतात. त्या पेशी आधीच नष्ट करणारं अँटी-डी इंजेक्शन 1960 च्या दशकात लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या गटांनी शोधलं. प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत ते देतात. पहिलं मूल धडधाकट आणि पुढची मुलं जात राहिली, की आपल्या समाजात त्या बाईवर करणीचा संशय घेतला गेला, तिला अवदसा ठरवलं गेलं. असं आजही कुठे चालत असेल, तर तिथे अंगारा नको, रक्तगटाची तपासणी हवी.

त्या एका जागेवर नेमकं काय आहे, याचा उलगडा आता कुठे होतो आहे. डार्डानसमध्ये धागा एन्ग्रेल्ड या जनुकापर्यंत जातो. कीटकाच्या वाढीत शरीराच्या खंडाचा मागचा भाग कुठला, हे ठरवणारं हे जुनं जनुक आहे. आपल्याकडे कढीपत्त्यावर अंडी घालणारं कॉमन मॉर्मन, म्हणजे बहुरूपी, हेच कोडं घालतं. त्याच्या काही माद्या कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात. तिथे वेश बदलणारं जनुक डबलसेक्स आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. कीटकाचा नर होणार की मादी, हे ठरवण्यात एरवी याच जनुकाचा हात असतो. पॅपिलिओ या एकाच गटातल्या या दोन वेगळ्या जाती, दोघींपुढे प्रश्न तोच, आणि उत्तर मात्र वेगवेगळ्या जनुकांतून आलेलं.