आल्डो व्हान आइक

(१६ मार्च १९१८ – १४ जानेवारी १९९९). डच वास्तुविशारद. जन्म नेदरलँड्समधील द्रीबर्गेनचा. वडील पीटर निकोलास व्हान आइक कवी होते आणि एका डच वृत्तपत्राचे लंडनमधील वार्ताहरही. त्यामुळे आल्डोंचे बालपण इंग्लंडमध्ये गेले. वास्तुकलेचे शिक्षण त्यांनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात घेतले आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ते त्याच शहरात राहिले. तेथे कारोला गीडिऑन-वेल्कर या कलासमीक्षक विदुषीमुळे आधुनिक चित्र-शिल्पकारांचे जग त्यांना जवळून पाहायला मिळाले. चित्रकलेतून मिळालेले हे संस्कार त्यांच्या इमारतींत अखेरपर्यंत दिसतात.

युद्धानंतर ते ॲम्स्टरडॅम महापालिकेच्या नगररचना विभागात रुजू झाले. १९४७ मध्ये बेर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात त्यांनी मुलांसाठी पहिले क्रीडांगण आखले. युद्धानंतर जन्मदर वाढला होता, घरे अपुरी होती आणि मुलांना खेळायला हक्काची जागा नव्हती. तो चौक पाहून इतर वस्त्यांतले नागरिक आपल्याकडेही असेच काही करा, अशी पत्रे महापालिकेला पाठवू लागले. पुढच्या तीस वर्षांत शहरात अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. पडक्या घरांच्या मोकळ्या जागा, रस्त्यांचे कोपरे, दोन इमारतींमधल्या बोळी अशा कोणाच्याच खिजगणतीत नसलेल्या जागा त्यांनी निवडल्या. यांतल्या काही जागांवर पूर्वी ज्यू कुटुंबांची घरे होती. नाझींनी त्या कुटुंबांना छळछावण्यांत धाडल्यावर, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात रिकाम्या घरांचे लाकूड जळणासाठी काढून नेले गेले आणि घरे कोसळली. त्या भूखंडांवर पुन्हा मुले खेळू लागली, ही गोष्ट व्हान आइक यांच्या कामाचे मोल सांगताना वगळता येणार नाही.

साहित्य अगदी मोजके होते : रुंद काठाचा काँक्रीटचा वाळूचा हौद, उड्या मारायला गोल ठोकळे, कोलांट्यांसाठी लोखंडी दांड्या, चढायला कमानी. प्राण्यांच्या आकाराची खेळणी त्यांना नको असत. कशाचे काय करायचे ते मुलाने ठरवावे, हा त्यांचा आग्रह होता. हौदाचा काठ मुलांसाठी दुकान होई, आयांसाठी बाक. बहुतेक क्रीडांगणांना कुंपण नव्हते, त्यामुळे ती रस्त्याचाच भाग राहिली.

याच विचाराचे प्रगल्भ रूप म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या दक्षिण सीमेवरील महापालिकेचे अनाथालय (१९५५–६०). सुमारे १२५ मुलांची ही वास्तू मोठ्या वसतिगृहासारखी एकसंध न ठेवता त्यांनी वयोगटांनुसार आठ घरांत विभागली. प्रत्येक घराला स्वतःचे अंगण दिले. एकाच मापाच्या चौरसांवर तीनशेहून अधिक लहान घुमट आणि प्रत्येक घरावर एक मोठा घुमट अशी छपराची रचना आहे. घरांना जोडणारी वाट त्यांनी आतला रस्ता मानली आणि तिथे दिवेही रस्त्यावरचे वाटावेत असे लावले. बाहेरून आत येणारे मूल एकदम आत न येता टप्प्याटप्प्याने येते. हा उंबरठा, ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामधली जागा, हाच त्यांच्या विचाराचा गाभा. घर हे छोटे शहर असावे आणि शहर मोठे घर, असे ते म्हणत. घराचा आधार नसलेल्या मुलांसाठी इतक्या बारकाईने विचार केलेली वास्तू विसाव्या शतकात क्वचितच सापडेल.

निवास, काम, करमणूक आणि वाहतूक अशा चार कप्प्यांत शहराची वाटणी करणाऱ्या नगररचनेला त्यांचा ठाम विरोध होता. ‘सियाम’ या आधुनिक वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९४७ च्या ब्रिजवॉटर परिषदेतच त्यांनी तिच्या कोरड्या बुद्धिवादाला आव्हान दिले. पुढे ‘टीम टेन’ या तरुण गटाचे ते प्रमुख सदस्य झाले आणि १९५९ च्या ओटर्लो परिषदेनंतर मूळ संघटनाच संपली. त्याच वर्षापासून १९६३ पर्यंत ‘फोरम’ या वास्तुकलाविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळात ते होते. पश्चिम आफ्रिकेतील डोगोन लोकांच्या वस्त्या त्यांनी स्वतः जाऊन अभ्यासल्या. आधुनिकतेला परंपरेकडे पाठ फिरवण्याची गरज नाही, हे त्यांना तिथे पटले. हर्मन हेर्ट्झबर्गर आणि पीट ब्लॉम या डच वास्तुविशारदांवर त्यांचा प्रभाव स्पष्ट आहे. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

नंतरच्या कामांत आर्नहेमचा सोन्सबेक शिल्पमंडप (१९६६), हेगमधील पास्टोर व्हान आर्स चर्च आणि ॲम्स्टरडॅममधील एकट्या माता व त्यांच्या मुलांसाठीचे ह्यूबर्टस गृह ही महत्त्वाची. जुन्या घरांच्या रांगेत इंद्रधनुष्याचे रंग घेऊन उभे असलेले ह्यूबर्टस गृह शेजाऱ्यांशी बेबनाव करत नाही. पत्नी हानी याही वास्तुविशारद. अखेरच्या काळात दोघांनी एकत्र काम केले. १९९० मध्ये त्यांना ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजसंस्थेचे सुवर्णपदक मिळाले.

अनाथालयाचा मूळ वापर फार काळ टिकला नाही. १९८० च्या दशकात ते पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हेर्ट्झबर्गर यांच्या पुढाकाराने जगभरच्या वास्तुविशारदांनी निषेध केला आणि वास्तू वाचली. पुढे तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. क्रीडांगणांचे नशीब मात्र असे नव्हते. त्यांतली फार थोडीच आज मूळ रूपात उरली आहेत.